अक्षर सुंदर, पण वाचता येत नाही

प्रश्न: मी बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र घेते. तिसरीच्या १४ मुलांपैकी ६ मुलांना वाचता येत नाही. मला कोडे पडते ते हे, की याच मुलांच्या वह्या सर्वांत नीटनेटक्या आहेत. फळ्यावरचा किंवा पुस्तकातला मजकूर ती वळणदार अक्षरात उतरवून काढतात, पण त्यातलीच एक ओळ वाच म्हटले की गप्प उभी राहतात. एकाच मुलाच्या दोन पानांचे फोटो सोबत पाठवत आहे. पहिले पान शुद्धलेखनाचे आहे आणि दुसरे त्याने मनाने लिहिलेले. दुसऱ्यात एकही ओळ धड नाही. या मुलांना पुन्हा मुळाक्षरे आणि बाराखडीपासून सुरुवात करून द्यावी, रोज दोन पाने शुद्धलेखन द्यावे आणि शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवून घ्यावे, असे मनात आहे. सहांपैकी दोघे दसऱ्यानंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात. सर्व मुलांना वाचता यावे यासाठीच्या सरकारी ‘निपुण भारत’ अभियानाच्या निकषानुसार तिसरीच्या मुलाने मिनिटाला ६० शब्द वाचायला हवेत. मी काय करावे? – एक शिक्षिका, जिल्हा बीड

उत्तर: सप्रेम नमस्कार.

बाराखडीपासून पुन्हा सुरुवात करू नका, शुद्धलेखनाची पाने वाढवू नका आणि मुलांना सुटल्यावर थांबवून घेऊ नका, एवढे आधीच स्पष्ट सांगते. या मुलांनी गेली दोन वर्षे नेमके हेच केले आहे आणि त्यातून त्यांना जे येण्यासारखे होते, ते आलेले आहे. फळ्यावरचे पाहून उतरवून काढणे हे डोळ्यांचे आणि हाताचे काम आहे. त्यात अक्षराचा आवाज मनात उमटण्याची गरज नसते आणि वाक्याचा अर्थ लागण्याची तर मुळीच नसते. जी लिपी आपल्याला येत नाही, तिच्यातील मजकूरसुद्धा आपण थोड्या सरावाने हुबेहूब उतरवू शकू, पण त्याला कोणी लिहिणे म्हणणार नाही. तुमच्या मुलांची वही सुंदर आहे आणि त्यांना वाचता येत नाही, या दोन गोष्टींत त्यामुळे विरोध नाही. उलट, वही सुंदर दिसत असल्यामुळेच त्यांचे न वाचणे तिसरीपर्यंत कोणाच्या नजरेला आले नाही, असे मला वाटते.

आता तुम्ही पाठवलेल्या दुसऱ्या पानाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्या पानातच आहे. मुलाने लिहिले आहे: ‘आमची शेळी येली. तीला दोन करड झाले. एक काळ एक पानढर.’ तुम्ही ‘येली’, ‘तीला’, ‘करड’, ‘काळ’ आणि ‘पानढर’ या पाच शब्दांभोवती लाल गोल केले आहेत. ते गोल क्षणभर बाजूला ठेवून हे शब्द एकेक करून माझ्याबरोबर पाहा.

‘पानढर’ लिहिताना या मुलाने ‘पां’ उच्चारल्यावर नाकातून येणारा आवाज अचूक ऐकला आहे. तो आवाज डोक्यावरच्या एका टिंबाने दाखवायचा असतो, हे त्याला पक्के ठाऊक नाही, म्हणून त्याने हाताशी असलेला ‘न’ वापरला. ‘करड’ आणि ‘काळ’ यांवर अनुस्वार हवा, हेही त्याच अज्ञानातून राहिले आहे. ‘तिला’मधील वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे आजच्या बोलण्यात कानाला फारसे कळत नाही. तो नियमाचा भाग आहे आणि नियम त्याला अजून कोणी सांगितलेला नाही. ‘येली’ तर त्याच्या घरी जसे म्हणतात तसेच आहे. म्हणजे या तीन ओळींत मुलाने आपण बोललेले मनात ऐकले, आवाज सुटे केले, प्रत्येक आवाजासाठी अक्षर शोधले, काना आणि वेलांटी योग्य जागी दिली, दोन शब्दांमध्ये जागा सोडली आणि वाक्य संपल्यावर पूर्णविराम दिला. पहिल्या पानावरच्या २० निर्दोष ओळींत यातले काहीही त्याला करावे लागलेले नाही. उद्या शाळेत गेल्यावर हे पान त्याच्यासमोर ठेवा आणि त्यालाच वाचून दाखवायला सांगा. तो वाचेल, अशी मला पुष्कळ आशा आहे. त्याने वाचले, तर तुमच्या यादीतील सहा मुलांपैकी एक तरी ‘वाचता येत नाही’ या रकान्यातून तिथल्या तिथे बाहेर येईल.

उरलेल्या मुलांचेही असेच बारकाईने पाहावे लागेल. ‘वाचता येत नाही’ या एकाच शेऱ्याखाली फार वेगवेगळ्या अडचणी लपलेल्या असतात. प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे, इतर मुले ऐकत नसताना, जवळ बसवा. पुस्तकातला शिकवून झालेला धडा देऊ नका, कारण तो बऱ्याच मुलांना ऐकून ऐकून पाठ झालेला असतो आणि मूल ओळीवर बोट फिरवत पाठ म्हणत राहते. बोट एका शब्दावर आणि तोंड दुसऱ्याच शब्दावर असते. म्हणून न पाहिलेली साधी चार वाक्ये स्वतः लिहून द्या आणि मधलाच एखादा शब्द दाखवून विचारा. एखादे मूल घ आणि ध, भ आणि म किंवा ब आणि व यांत गोंधळते आहे, असे दिसेल. एखाद्याला अक्षरे येत असतील, पण मात्रा आणि उकार नसतील. एखादे पहिले अक्षर पाहून उरलेला शब्द अंदाजाने ठोकून देत असेल. आणि बहुधा एकदोघे ‘क ला काना का, न’ असे नीट म्हणतील, पण ‘मग शब्द कोणता झाला?’ असे विचारल्यावर तुमच्या तोंडाकडे पाहत राहतील.

या शेवटच्या अडचणीपाशी थोडे थांबते. शिकवणाऱ्याला ती समजायला अवघड जाते, कारण आपल्याला ‘कान’ दिसताक्षणी कान दिसतो. सुटा ‘न’ म्हणताना आपण त्यात पूर्ण ‘अ’ मिसळतो, पण ‘कान’ म्हणताना शेवटचा ‘न’ तोकडा उच्चारतो. त्यामुळे ‘का’ आणि ‘न’ हे दोन तुकडे मुलाने कितीही वेळा म्हटले, तरी त्यांतून ओळखीचा शब्द आपोआप कानावर येत नाही. त्यातच ‘क ला काना’ हे शब्द तो मध्ये घालतो, तेव्हा ऐकण्याच्या ओघात आणखी खंड पडतो. पहिली वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या आधी दिसते आणि तोंडात मागाहून येते. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहायला एक आणि बोलायला वेगळा. मराठीत जसे बोलतो तसेच लिहितो, असे आपण मुलांना अभिमानाने सांगतो, आणि ते पुष्कळ अंशी खरेही आहे, पण सात-आठ वर्षांच्या मुलाला अडायला एवढी ठिकाणे पुरतात. यावर साधा उपाय आहे. ‘क ला काना का’ म्हणवून घेणे पूर्ण बंद करा आणि ‘का’ हे एकच रूप म्हणून ओळखायला लावा. शब्द बोटाने झाकून हळूहळू उघडा आणि आवाज न तोडता लांबवत म्हणा: काऽऽन. मुलाने तो तुमच्याबरोबर म्हणावा, नंतर एकट्याने म्हणावा आणि म्हणून झाल्यावर स्वतःचा कान पकडून दाखवावा. अर्थ लागला की नाही, ते तिथेच कळेल.

बाराखडीला माझा विरोध नाही. आपल्या लिपीची रचना कळण्यासाठी ती उत्तम आहे, पण ज्याला वाचता येऊ लागले आहे त्याला ती उपयोगी पडते, अडलेल्याला नाही. तुमच्या सहांपैकी एखाद्याला मधलेच ‘के’ दाखवून पाहा. तो मनातल्या मनात क, का, कि, की असे म्हणत येईल आणि मग ‘के’पाशी पोहोचेल. तोवर वाक्याचा आधीचा भाग विसरलेला असेल. मुळाक्षरांचेही तेच होते. क, ख, ग, घ, ङ या क्रमाने गेल्यास मुलाला पहिले अर्थपूर्ण वाक्य वाचायला मिळेपर्यंत महिने जातात, आणि तेवढ्या काळात ‘वाचणे म्हणजे काहीतरी म्हणत राहणे’ अशी त्याची पक्की समजूत होते.

म्हणून अक्षरे गटागटाने घ्या. हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी आणि कमला निंबकर बालभवनातील शिक्षकांनी मराठी वाचन शिकवण्यावर अनेक वर्षे काम केले. पालघर जिल्ह्यात वाडा गावाजवळ सोनाळ्याला नीलेश निमकर आणि ‘क्वेस्ट’ ही त्यांची संस्था आदिवासी भागातील शाळांसाठी हे काम करत आली आहे. तुम्हाला सुरुवातीला फारसे काही लागणार नाही. क, म, न, त, ल ही पाच व्यंजने, आ हा स्वर, काना आणि दुसरी वेलांटी एवढेच घ्या. यातून काका, मामा, मामी, नाक, कान, मान, मका, ताक, माती, लाल, काल, आता, आला, आली असे शब्द होतात आणि ‘काल मामा आला’, ‘आता मामी आली’ अशी पूर्ण वाक्येही होतात. मूल पहिल्याच आठवड्यात वाक्य वाचते आणि त्या वाक्यातून त्याला काहीतरी बातमी कळते. पुढचा गट तुम्हीच ठरवा. तो ठरवताना पुस्तकातल्या क्रमापेक्षा तुमच्या मुलांच्या बोलण्यात काय येते, त्याकडे जास्त लक्ष द्या. तुमच्या भागातल्या मुलाला ‘ऊस’, ‘फड’, ‘मोळी’, ‘कोपी’ (ऊसतोड मजुरांची झोपडी), ‘कोयता’, ‘मुकादम’ हे शब्द वाचायला मिळाले, तर ‘गलबत’ आणि ‘ऋषी’ यांच्यापेक्षा ते लवकर हाती लागतील, कारण वाचून झाल्याबरोबर तो शब्द बरोबर वाचला की नाही, हे त्याचे त्याला कळते. तुमची मान हलते का, ते पाहावे लागत नाही.

इथेच बोलीचा प्रश्न येतो. ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ लिहिणाऱ्या किंवा ‘होता’ऐवजी ‘व्हता’ लिहिणाऱ्या मुलाला आपण ‘अशुद्ध’ म्हणतो, तेव्हा त्याने केलेले अवघड काम, म्हणजे ऐकलेला आवाज अक्षरात पकडणे, आपण चूक ठरवतो आणि त्याची आई घरी जे बोलते तेही चूक ठरवतो. पुढच्या वेळी तो मनाने लिहीतच नाही. फळ्यावरचे उतरवून काढतो, कारण त्यात लाल गोल येत नाहीत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले, तेव्हा वारली मुले गुरे घेऊन ज्या कुरणात जात तिथेच त्यांनी शाळा नेली. त्या कुरणशाळेत मुलाचे घर, काम आणि भाषा यांना नाकारून पुढे जायचे नव्हते. प्रमाण मराठी तुमच्या मुलांना यायलाच हवी, त्यात तडजोड नको, कारण पुढचे सगळे शिक्षण आणि परीक्षा तिच्यातच आहेत. पण ती ‘येली’ खोडून शिकवता येत नाही. ‘तू येली लिहिलेस, मला समजले. पुस्तकात याला व्याली लिहितात,’ असे सांगून दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवा. मुले हा फरक फार लवकर आत्मसात करतात, कारण घरी एक आणि शाळेत एक असे ती रोज बोलतच असतात.

लेखनासाठी एवढेच करा, की रोज पाटीवर किंवा वहीत त्यांना स्वतःच्या मनातल्या दोन-तीन ओळी लिहू द्या. काल घरी काय झाले, शेतात काय पाहिले, कोणाशी भांडण झाले, काहीही चालेल. त्यावर लाल पेन चालवू नका. खाली तुमच्या अक्षरात एका ओळीचे खरे उत्तर लिहा. ‘करडांची नावे काय ठेवली?’ असे तुम्ही लिहिलेत, तर ते वाचण्यासाठी तो मुलगा जी धडपड करेल, ती कोणत्याही धड्यासाठी करणार नाही. चुकांपैकी एका वेळी एकच उचला, आणि ती बऱ्याच मुलांची असेल तर फळ्यावर घ्या. या आठवड्यात अनुस्वार घेतला, तर ‘पांढरं’, ‘आंबा’, ‘भांडण’, ‘करडं’ असे मुलांनीच लिहिलेले शब्द गोळा करून त्यावर बोला. शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी किंवा उकार बहुतेक मराठी शब्दांत दीर्घ असतो, हा नियम चौथीच्या मुलांबरोबर घेता येईल. सगळी ऱ्हस्व-दीर्घाची व्यवस्था तिसरीत अडलेल्या मुलापुढे मांडण्याची ही वेळ नाही. हस्ताक्षराचा सराव आठवड्यातून दोनदा, पाच-सहा ओळींपुरता राहू द्या. मात्र ओळी मुलाला वाचता येणाऱ्या असाव्यात, एवढी अट पाळा.

तुम्ही दोन वर्ग एकटीने सांभाळता, त्यामुळे हे सगळे कधी करायचे, हा प्रश्न रास्त आहे. सकाळचा पहिला अर्धा तास या सहा मुलांना द्या. त्या वेळात चौथीची मुले आणि तिसरीतली वाचणारी मुले जोडीने पुस्तके वाचू शकतात. शाळेच्या पेटीतली गोष्टींची पुस्तके कपाटात कुलपाआड ठेवू नका, दोरीवर टांगा. फाटली तर चिकटवता येतात. सुटल्यानंतरचा अर्धा तास मात्र टाळा. खेळायला किंवा घरी जाण्याच्या वेळी थांबवलेल्या मुलाच्या मनात वाचन आणि शिक्षा यांची गाठ बसते. शिवाय ही सहा मुले कोण, हे रोज साऱ्या गावाला दिसते.

आणि रोज दहा मिनिटे सगळ्या वर्गाला काहीतरी वाचून दाखवा. पाठ्यपुस्तकाबाहेरचे, मुलांना ऐकावेसे वाटेल असे काहीही घ्या. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक शाळेत धूळ खात पडलेले असतील तर तेही चालतील. ज्या घरात पुस्तक नाही, तिथल्या मुलाने पुस्तकातली मराठी ऐकलेलीच नसते. ‘त्यामुळे’, ‘परंतु’, ‘असे असूनही’ अशा शब्दांवर तो वाचताना अडखळतो, ते अक्षर येत नाही म्हणून नाही, तर तसे वाक्य कधी कानावर पडले नाही म्हणून. ही उणीव अक्षरे गिरवून भरत नाही. ती ऐकूनच भरते.

निपुणच्या साठ शब्दांची तुम्हाला वाटणारी काळजी मला समजते. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले आणि तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे २०२६-२७ पर्यंत गाठायचे त्याचे उद्दिष्ट आहे. या उद्दिष्टातला ‘समजून’ हा शब्द घड्याळ लावताना अनेकदा गळून पडतो. वेग हा अक्षरओळख पक्की झाल्याचा परिणाम असतो. ज्या मुलाचे सगळे लक्ष ‘घ की ध’ यात गुंतले आहे, त्याला घड्याळ लावून वाचायला बसवले, तर तो शब्द गाळतो, अंदाजाने बोलतो आणि घाबरतो. आधी तो बरोबर आणि समजून वाचू लागला की मग ओळखीचाच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घ्या. वेग त्यातूनच येतो. आणि हा प्रश्न फक्त तुमच्या वर्गाचा आहे असे मानून स्वतःला दोष देऊ नका. ‘असर’ या मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ग्रामीण पाहणीत देशातील सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०२२ मध्ये १६.३ टक्के होती, २०२४ मध्ये २३.४ टक्के झाली. तुमच्याकडे १४ पैकी ८ मुले वाचतात, यात तुमचा वाटा मोठा आहे.

वह्यांची पाने कमी झाली की पालक विचारतील आणि कदाचित केंद्रप्रमुखही विचारतील. पालकसभेत वही दाखवण्याऐवजी त्या मुलाला त्याने स्वतः लिहिलेल्या तीन ओळी उभे राहून वाचू द्या. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही आपले मूल वाचते आहे की नाही, हे तिथे कळेल. केंद्रप्रमुखांसाठी प्रत्येक मुलाची जूनमधली आणि आजची मनाने लिहिलेली पाने तारीख टाकून एकत्र ठेवा. प्रगती कशी मोजायची, हे ती पाने दाखवूनच त्यांच्याशी बोलता येईल.

ऊसतोडीला जाणारी दोन मुले या सहांमध्ये सर्वांत आधी घ्या, कारण त्यांच्याकडे दसऱ्यापर्यंतचाच वेळ आहे. गावात हंगामी वसतिगृहाची किंवा आजीआजोबांकडे राहण्याची सोय होत असेल, तर त्यासाठी पालकांशी आत्ताच बोला. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी बोलून उपयोग होत नाही, तोवर उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेऊन सगळे ठरलेले असते. मुले गेलीच, तर स्थलांतरित मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून दिल्या जाणाऱ्या शिक्षण हमी कार्डाबरोबर एक कागद स्वतःच्या हाताने लिहून द्या. त्यात ‘तिसरीत आहे’ एवढेच न लिहिता कोणती अक्षरे पक्की आहेत, कोणत्या मात्रा राहिल्या आहेत आणि तो कोणते वाक्य वाचू शकतो, ते लिहा, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतले शिक्षक त्याला पुन्हा ‘अ’पासून सुरू करणार नाहीत. सोबत एक कोरी वही, दोन पेन्सिली आणि त्याला वाचता येणारी दोन छोटी पुस्तके द्या. वहीत कोपीवरच्या गोष्टी लिहून आण, मला वाचायच्या आहेत, असे सांगा. आणि परत आल्यावर पहिल्या दिवशी सर्वांत आधी ती वही मागून घ्या.